गोव्याच्या जमिनीवर मेटल डिटेक्टर: निवड, जुळणी आणि नेहमीचे प्रश्न

मेटल डिटेक्टर घेताना बहुतेक जण आधी किंमत विचारतात. गोव्यात आधी जमीन विचारावी. किनाऱ्यावरची कोरडी वाळू, भरतीच्या रेषेखालची ओली वाळू, खाजनाचा (खाडीकाठच्या बांध घातलेल्या सखल शेतजमिनीचा) खारा चिखल आणि चिऱ्याची तांबडी माती हे चार प्रकार इथे काही किलोमीटरांच्या आत भेटतात. सकाळी कळंगुटला बिनतक्रार चाललेलं यंत्र दुपारी सत्तरीतल्या कुळागरात (सुपारी-नारळाच्या बागेत) नेलं की किंचाळायला लागतं. ते बिघडलेलं नसतं, त्याची जुळणी वाळूचीच राहिलेली असते.

व्हीएलएफ, मल्टी-फ्रिक्वेन्सी आणि पल्स इंडक्शन यांत फरक काय?

व्हीएलएफ, म्हणजे व्हेरी लो फ्रिक्वेन्सी, यंत्र एकाच फ्रिक्वेन्सीवर सतत लहर सोडतं आणि परत येणारी लहर किती मागे पडली त्यावरून लोखंड, सोनं, तांबं यांचा अंदाज बांधतं. गॅरेट एस ३०० ही ८ किलोहर्ट्झवर चालते, गॅरेट एटी प्रो १५ वर. फ्रिक्वेन्सी जितकी जास्त, तितक्या बारीक आणि पातळ वस्तू बऱ्या कळतात. चांदीचा जाड तोडा किंवा तांब्याचं नाणं कमी फ्रिक्वेन्सीलाही चांगलं बोलतं.

मल्टी-फ्रिक्वेन्सी यंत्र (मायनलॅब इक्विनॉक्स, नोक्टा लेजंड वगैरे) एकाच वेळी अनेक फ्रिक्वेन्सींची तुलना करतं. गोव्यात याचा खरा फायदा ओल्या वाळूत होतो. एका फ्रिक्वेन्सीचं यंत्र एकतर मिठाचा आवाज गप्प करू शकतं किंवा लोहकणांच्या काळ्या रेतीचा, दोन्ही एकदम नाही.

पल्स इंडक्शन, म्हणजे पीआय, लहर सोडून थांबतं आणि मग ऐकतं. खाऱ्या पाण्यात ते शांत असतं आणि खोल जातं, पण लोखंड आणि सोनं यांत नीट भेद करत नाही. प्रत्येक खिळा आणि प्रत्येक सोडाबाटलीचं झाकण खणून काढावं लागतं.

मग एकच घ्यायचं तर कोणतं?

किनारा आणि घराभोवतीची जागा, दोन्हीसाठी हवं असेल तर पाण्यात चालणारं, हाताने ग्राउंड बॅलन्स (मातीचा आवाज वगळायची जुळणी) करता येणारं मल्टी-फ्रिक्वेन्सी यंत्र. बजेट कमी असेल तर नोक्टा सिम्प्लेक्ससारखं एका फ्रिक्वेन्सीचं चालेल, ग्राउंड बॅलन्स मात्र हवाच. गॅरेटच्या एस मालिकेतल्या यंत्रांत तो कारखान्यातूनच ठरवलेला येतो, बदलता येत नाही. कोरड्या वाळूत आणि लॉनवर त्याने काही अडत नाही, पण फोंड्याच्या वरच्या तांबड्या मातीत तेच यंत्र खेळणं होऊन बसतं.

तांबड्या मातीत यंत्र सतत कुरकुरतं. माती खरंच इतकी वाईट आहे का?

आहे. जांभा (चिरा) म्हणजे लोह आणि ॲल्युमिनियमच्या ऑक्साइडांनी भरलेला दगड, आणि आपली तांबडी माती त्याचाच चुरा. त्यातले मॅग्नेटाइट आणि मॅगहेमाइटचे बारीक कण कॉइलला, म्हणजे दांड्याच्या टोकाच्या चकतीला, धातूसारखाच प्रतिसाद देतात. कॉइल चिऱ्याच्या तुकड्यावरून गेलं की खणखणीत आवाज येतो, खणलं की हातात दगड. याला जाणकार ‘हॉट रॉक’ म्हणतात.

ओळखायची सोपी रीत: आवाज आला की कॉइल चार-पाच सेंटिमीटर वर उचला. धातूचा आवाज हळूहळू मंदावतो, दगडाचा एकदम तुटतो. नंतर ९० अंशांत वळून दुसऱ्या दिशेने फिरवा. दोन्हीकडून तोच सूर आणि पडद्यावर जवळपास तोच आकडा आला तरच खणा. वर दिसणारा संशयित दगड पायाने बाजूला सारून पुन्हा ऐका. आवाज दगडाबरोबर सरकला, तर प्रश्नच मिटला.

किनाऱ्यासाठी बनवलेली साधी पीआय यंत्रं या मातीत उपयोगी पडतील असं अनेकांना वाटतं. मॅगहेमाइटचा प्रतिसाद लहर थांबल्यावरही क्षणभर रेंगाळतो, त्यामुळे ग्राउंड बॅलन्स नसलेलं पीआय इथे व्हीएलएफपेक्षा जास्त बोंबलतं.

ग्राउंड बॅलन्स नेमका कसा करायचा?

आधी धातू नसलेली फूटभर जागा शोधा. सगळ्यांची चूक इथेच होते. खाली खिळा असताना बॅलन्स केला तर यंत्र खिळ्यालाच माती समजतं. कॉइल आडवं फिरवून खात्री करा, मग डिस्क्रिमिनेशन (नको ते धातू वगळायची सोय) बंद करून ऑल मेटलवर, म्हणजे सगळे धातू ऐकू येतील असं, या.

कॉइल जमिनीला समांतर धरा. साधारण १५-२० सेंटिमीटर उंचीवरून २-३ सेंटिमीटरपर्यंत खाली आणा, पुन्हा वर न्या. घाई नको, सेकंदाला एक हेलकावा पुरे. आपोआप बॅलन्स होणाऱ्या यंत्रात बटण दाबून ठेवून हेच करायचं, आणि आकडा स्थिर झाला की बटण सोडायचं. हाताने करत असाल तर आकडा एकेक पायरी बदला. आवाज वाढला तर उलट दिशेने जा. खाली जाताना आणि वर येताना आवाज सारखाच, किंवा जवळजवळ नाहीसा झाला, की झालं.

तांबड्या मातीत आकडा वरच्या बाजूला स्थिरावतो, निव्वळ खाऱ्या ओल्या वाळूत खाली. माडाच्या भाटातून चिऱ्याच्या कातळावर आलात, किंवा पावसाची सर पडून गेली, तर बॅलन्स पुन्हा करायचा. सकाळी एकदा केला की दिवसभराचं काम झालं, असं होत नाही.

सेन्सिटिव्हिटी पूर्ण वर ठेवली तर खोल जाईल ना?

चांगल्या मातीत थोडं. आपल्या मातीत बरोबर उलटं. सेन्सिटिव्हिटी वाढवली की जमिनीचा आवाजही वाढतो आणि अंगठीचा बारीक सूर त्यात बुडतो. सुरुवात मध्यावर करा, यंत्र हवेत आणि जमिनीवर शांत राहील इतकंच वाढवा. तांबड्या मातीत बहुधा मध्याच्याही खाली यावं लागतं. खाली आणल्यावर जास्त वस्तू सापडतात हे पहिल्यांदा ऐकणाऱ्याला पटत नाही, म्हणून स्वतः करून बघा: सुतळीला बांधलेली जुनी अंगठी दहा सेंटिमीटर पुरा, सुतळीचं टोक वर ठेवा, आणि सेन्सिटिव्हिटी एकेक पायरी उतरवत ऐका. सूर सगळ्यात स्पष्ट येतो ती पायरी त्या जागेची.

ओल्या वाळूत कॉइल हलवलं की आवाज, थांबवलं की शांत. कारण?

मीठ. खारं पाणी वीज वाहून नेतं, म्हणून ते कॉइलला मोठ्या पातळ पत्र्यासारखं भासतं. कॉइल वर-खाली झालं की तो ‘पत्रा’ जवळ-दूर होतो आणि यंत्र ओरडतं. कॉइल जमिनीपासून एकाच उंचीवर ठेवून फिरवा, टोकाला झोका वर जाऊ देऊ नका. यंत्रात बीच मोड असेल तर तो लावा. इक्विनॉक्समध्ये बीच १ ओल्या-कोरड्या वाळूसाठी, बीच २ लाटांत आणि पाण्याखाली. एका फ्रिक्वेन्सीच्या यंत्रावर ओल्या वाळूतच बॅलन्स करा, सेन्सिटिव्हिटी उतरवा, आणि बारीक सोन्याची आशा कमी ठेवा.

पीआय वापरत असाल तर पल्स डिले (लहर थांबल्यापासून ऐकायला लागेपर्यंतचा वेळ) १० मायक्रोसेकंदांच्या आसपास मीठ ऐकू येतं. १२ ते १५ वर नेलं की मीठ गप्प होतं, पण बारीक कुडीही हातची जाते.

वाळूवर काळे पट्टे दिसले तर चुंबक पिशवीत घालून फिरवा. पिशवीला काळी मिशी चिकटली की ती मॅग्नेटाइटवाली रेती. मीठ आणि काळी रेती एकत्र आली की फक्त मल्टी-फ्रिक्वेन्सी किंवा पीआय.

किनाऱ्यावर आत्ताच अंगठी पडली. सगळ्यात आधी काय करावं?

कुणालाही वाळू उकरू देऊ नका. सगळं कुटुंब हाताने चाळायला बसतं आणि अंगठी आणखी खाली जाते, वर तिची जागाही पुसली जाते. बसलात तिथे चप्पल, काठी, काहीही रोवून खूण करा. छत्रीचा खड्डा, टॉवेलच्या कडा, खुर्चीचे पाय यांचा फोटो काढा. जवळच्या दोन स्थिर गोष्टींपासूनचं अंतर पावलांनी मोजून ठेवा. शॅक (किनाऱ्यावरचं तात्पुरतं हॉटेल) उद्या हलेल, माड हलणार नाही.

मग भरती-ओहोटीचं वेळापत्रक बघा. पाणी चढत असेल तर खालच्या भागापासून सुरुवात, उतरत असेल तर वरून. पाण्यात पडली असेल तर पुढच्या ओहोटीची वाट बघणं शहाणपणाचं. अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणाला ओहोटी लांबवर जाते आणि एरवी पाण्याखाली असलेला पट्टा उघडा पडतो. अष्टमीच्या भांगाला तो मिळत नाही. जीवरक्षकांनी लाल बावटा लावला असेल तिथे पाण्यात उतरू नका, अंगठी हिऱ्याची असली तरी.

शोध असा करा. दहा बाय दहा मीटरचा चौक दोऱ्याने आखा आणि त्याच्या एकेक मीटरच्या दहा पट्ट्या करा. ११ इंची कॉइल असेल तर प्रत्येक झोक्यानंतर अर्ध्या कॉइलाइतकंच, म्हणजे १२-१४ सेंटिमीटर पुढे सरका. एका बाजूने दुसऱ्या बाजूला मीटरभर झोका साधारण दीड सेकंदात. खणण्याचा वेळ सोडला तर अख्खा चौक २०-२५ मिनिटांत होतो. सापडलं नाही तर तोच चौक आडव्या दिशेने पुन्हा. कडेवर उभी राहिलेली अंगठी एका दिशेने पुसट आणि दुसऱ्या दिशेने ठळक लागू शकते.

सुरुवात करण्याआधी त्याच घरातल्या दुसऱ्या कुणाची तशीच अंगठी मागून घ्या. ती रिबिनीला बांधून त्याच वाळूवर ठेवा, कॉइल फिरवा आणि आकडा लक्षात ठेवा. ‘सोन्याचा आकडा’ छापील तक्त्यात शोधण्यापेक्षा हे दोन मिनिटांचं काम शंभर पटीने उपयोगी.

मंगळसूत्र किंवा बारीक साखळी का लागत नाही?

पूर्ण बंद वर्तुळात प्रवाह जोरात फिरतो, म्हणून बांगडी आणि अंगठी मोठ्याने बोलतात. साखळीत प्रत्येक कडी सुटी, यंत्राला ती एवढीएवढी कणकी दिसते. काळे मणी काचेचे, ते तर दिसतच नाहीत. मंगळसूत्र शोधताना कान वाट्यांसाठी ठेवायचा, नाहीतर साखळी अडकवायच्या हुकाच्या जोडासाठी. फ्रिक्वेन्सी सगळ्यात वरची, डिस्क्रिमिनेशन पूर्ण बंद, कॉइल जमिनीला टेकून आणि हात सावकाश. आकडा लोखंडाच्या सीमेवर नाचत असला तरी खणा. जोडवी आणि उघड्या तोंडाची वेढणी यांचंही तसंच, चांदीची असूनही आकडा अपेक्षेपेक्षा खाली येतो.

टार्गेट आयडी (पडद्यावरचा आकडा) बघून सोनं ओळखता येतं का?

नाही. बारीक कुडीपासून जाड वळ्यापर्यंत सोनं अर्ध्या पट्टीवर पसरलेलं असतं, आणि नेमक्या त्याच पट्टीत कॅनची ओढायची कडी, बाटलीचं ॲल्युमिनियमचं फिरकीचं झाकण, चॉकलेटचा कागद आणि जाळ्याचं शिसं बसतं. रापण (किनाऱ्यावरून ओढायचं मोठं जाळं) ओढली जाते त्या किनाऱ्यावर शिशाचे गोळे पोत्याने निघतात. ॲल्युमिनियम टाळायला ती पट्टी बंद केलीत तर सोनंही बंद केलंत. हरवलेलं सोनं शोधताना लोखंडाच्या वरचं सगळं खणायचं.

बिअरच्या पत्र्याच्या झाकणांसाठी मात्र एक युक्ती आहे, आणि गोव्यात तिची गरज रोज पडते. आवाजावर कॉइल आखूड हलवत मागे मागे घ्या, फक्त पुढची कड वस्तूवरून जाईल इतकं. सोन्याचा सूर मऊपणे संपतो. झाकणाचा सूर फाटतो आणि आकडा झपकन लोखंडात पडतो. शंभर टक्के नाही, पण बरेच खड्डे वाचतात.

रुपयाची नाणी यंत्र का सोडून देतं?

हल्लीची १ आणि २ रुपयांची नाणी फेरिटिक स्टेनलेस स्टीलची आहेत, चुंबकाला चिकटतात. लोखंड वगळलं की तीही वगळली जातात, किंवा आकडा वरखाली उड्या मारतो. १० रुपयांचं दोन धातूंचं नाणं नीट लागतं. सरावासाठी तेच पुरा.

कॉइल मोठं घ्यावं की लहान?

११ इंची डीडी कॉइल रोजच्या कामाला. डीडी म्हणजे आत दोन डी आकाराची वेटोळी. ते जमिनीची अरुंद पट्टीच एका वेळी बघतं, म्हणून तांबड्या मातीत कॉन्सेंट्रिकपेक्षा (एकात एक गोल वेटोळी असलेल्या कॉइलपेक्षा) शांत राहतं. जुन्या घराच्या अंगणात, जिथे कौलांचे खिळे, बिजागऱ्या, पत्र्याचे तुकडे सांडलेले असतात, तिथे ६ इंची. मोठ्या कॉइलखाली खिळा आणि अंगठी एकदम आली की यंत्र खिळ्याचं ऐकतं. १३-१५ इंची कॉइल फक्त मोकळ्या, स्वच्छ वाळूत. जड असतं, तासाभरात खांदा बोलतो.

केबल दांड्याला घट्ट गुंडाळा. सैल केबल हलली की खोटे आवाज येतात. कॉइल आणि त्याच्या प्लास्टिक कव्हरमध्ये अडकलेली ओली वाळूही तेच करते.

किती खोल लागतं? तीन मीटर खोलचं सोनं दाखवणाऱ्या यंत्रांबद्दल काय?

नाण्याएवढी वस्तू चांगल्या वाळूत ढोबळमानाने ११ इंची कॉइलच्या व्यासाहून थोडी कमी, म्हणजे २०-२५ सेंटिमीटर. तांबड्या मातीत त्याच्या निम्मं मिळालं तरी समाधान माना.

अँटेनाच्या दोन काड्या हातात धरून शंभर मीटरांवरचं सोनं दाखवणारी ‘लाँग रेंज’ यंत्रं म्हणजे फसवणूक. काडी हाताच्या नकळत हालचालीने फिरते, आत काय सर्किट बसवलंय याने फरक पडत नाही. गुप्तधनाच्या नावाने ही यंत्रं लाखांत विकली जातात. विकणाऱ्याला सांगा की पाच सारख्या डब्यांपैकी एकात अंगठी लपवतो, दहा वेळा ओळखून दाखव. सौदा तिथेच संपतो.

गाडलेला पाइप, व्हॉल्व्हचं झाकण किंवा सर्व्हेची लोखंडी खुंटी शोधायला हेच यंत्र चालेल?

जीआय पाइप आणि बिडाचं झाकण ऑल मेटलवर सहज लागतं. पाइपवर आवाज एका रेषेत लांब चालतो, झाकणावर सगळ्या बाजूंनी सारखा थांबतो. कडा शोधायच्या असतील तर कॉइल कमरेएवढ्या उंचीवरून फिरवत खाली आणा. पीव्हीसी लागत नाही, त्यात लवचीक तार सरकवून मग तार शोधा. मीटरभर खोलच्या मोठ्या वस्तूंसाठी दांड्याच्या दोन टोकांना पेट्या असलेलं टू-बॉक्स यंत्र असतं. त्याला नाणी, खिळे दिसतच नाहीत, आणि तोच त्याचा फायदा. फक्त लोखंड ओळखणारा मॅग्नेटिक लोकेटर खुंट्यांना उत्तम, पण चिऱ्याच्या कातळावर तोही गुणगुणतो.

डिचोली, सांगेकडच्या खाणपट्ट्यात यंत्र कसं चालवावं?

खनिजाच्या भराव्यावर वा मालाच्या रस्त्यालगत बॅलन्स झाला तरी टिकत नाही, दर पाच पावलांवर माती बदलते. ट्रॅकिंग बॅलन्स (चालता चालता आपोआप जुळणारा) असेल तर चालू ठेवा, लहान डीडी कॉइल लावा, कॉइल जमिनीपासून ५ सेंटिमीटर उचलून धरा. खोली जाते, पण ऐकू तरी येतं.

विजेच्या तारांखाली यंत्र वेडं होतं. उपाय?

नॉइज कॅन्सल, नाहीतर फ्रिक्वेन्सी थोडी सरकवणं. कॉइल जमिनीवर स्थिर ठेवूनही आवाज येत असेल तर दोष जमिनीचा नाही, हवेतल्या गोंगाटाचा. खिशातला मोबाइल, शॅकचा इन्व्हर्टर, शेजारी फिरणारं दुसरं यंत्र हे नेहमीचे गुन्हेगार. दोन यंत्रांत १०-१५ मीटर अंतर ठेवा.

पिनपॉइंटर (खड्ड्यात वस्तूची नेमकी जागा दाखवणारा हातातला छोटा डिटेक्टर) खड्ड्यात घातला की वाजतच राहतो.

तो हवेत सुरू केला असेल. तांबड्या मातीत त्याचं टोक खड्ड्याच्या भिंतीला टेकवून सुरू करा, म्हणजे तो मातीला शून्य धरतो. तरीही वाजला तर सेन्सिटिव्हिटी एक पायरी खाली.

जत्रेच्या किंवा हॉलच्या दारावर हातातला डिटेक्टर कसा जुळवावा?

सेन्सिटिव्हिटी पट्ट्याच्या बक्कलावर वाजेल पण शर्टाच्या बटणावर वाजणार नाही अशी. अंगापासून ३-५ सेंटिमीटर. घोट्याखाली नेला की स्लॅबमधली सळी वाजते, म्हणून पाय तपासताना माणसाला लाकडी पाटावर उभं करा. पेसमेकर असल्याचं सांगणाऱ्याच्या छातीवर यंत्र धरू नका, हाताने तपासा. माणसं ज्यातून जातात तो चौकटीचा मोठा डिटेक्टर लोखंडी गेट किंवा शटरपासून निदान मीटरभर दूर.

जुनं पोर्तुगीज नाणं लागलं तर ते माझं का?

बहुधा नाही. जमिनीत दडलेली १० रुपयांहून अधिक मोलाची वस्तू सापडली तर १८७८ च्या इंडियन ट्रेझर ट्रोव्ह कायद्यानुसार जिल्हाधिकाऱ्यांना लेखी कळवावं लागतं. शंभर वर्षांहून जुन्या वस्तूला १९७२ चा पुरावस्तू कायदाही लागू होऊ शकतो. १९५८-५९ ची एश्कुद या पोर्तुगीज चलनाची नाणी तितकी जुनी नाहीत, त्याआधीच्या रुपिया आणि टांगांची बरीच आहेत. घासूनपुसून लख्ख करू नका, सापडली तशी ठेवा. कुणाची तरी कालपरवा हरवलेली अंगठी म्हणजे गुप्तधन नव्हे, ती मालकाला नाहीतर पोलीस ठाण्यात.

कुठे अजिबात खणू नये?

ओल्ड गोव्यातल्या आणि इतर संरक्षित वास्तूंच्या आवारात यंत्र नेऊच नका. केंद्रीय संरक्षित स्मारकापासून १०० मीटर निषिद्ध क्षेत्र, त्यापुढचे २०० मीटर नियंत्रित. खाजगी भाटात (बागेत) भाटकाराची, म्हणजे जमीनमालकाची, आणि कोमुनिदादच्या (गावाची सामाईक जमीन सांभाळणाऱ्या संस्थेच्या) जमिनीवर कोमुनिदादची परवानगी. मोरजी, आगोंद आणि गालजीबागच्या किनाऱ्यांवर कासवं अंडी घालतात, तिथे नोव्हेंबरपासूनच्या हंगामात कुंपण घातलेल्या जागेच्या आसपासही फावडं लावू नये.

समुद्रावरून आल्यावर यंत्राची निगा?

गोड्या पाण्याने धुवा, पण आधी चार्जिंगच्या तोंडाचं झाकण बसलंय ना ते बघा. कॉइलचं कव्हर काढून आतली वाळू काढा. दांड्याचे जोड सुटे करून धुतले नाहीत तर मिठाने महिन्याभरात एकमेकांना घट्ट धरतात. पाण्यात चालणाऱ्या यंत्रांची मर्यादा बऱ्याचदा ३ ते ५ मीटर असते, आणि ती रबरी वॉशर धडका असेतोवरच. पावसाळ्यात महिनोन्‌महिने ठेवायचं असेल तर सुटे सेल काढून ठेवा, लिथियम बॅटरी अर्धी चार्ज करा आणि सिलिका जेलच्या पुड्यांसह बंद डब्यात ठेवा. जुलैत कपाटात नुसतं ठेवलेलं यंत्र सप्टेंबरात हिरवे पडलेले टर्मिनल घेऊनच बाहेर येतं.